उपटलेल्या रुळांच्या वाटेवर

वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी मी सायकल शिकले, आणि ती काही हौस म्हणून नव्हे. शाळेतल्या बरोबरच्या शिक्षिका म्हणायच्या, "बाई, रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली आणि आता हे काय काढलंत?" मी हसून वेळ मारून न्यायची. खरं कारण सांगायचं तर त्याआधी मी काय करून बसले होते तेही सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायची माझी हिंमत नव्हती.

आमचं गाव भवानीनगर आणि निमगाव केतकीच्या मधलं, लहानसं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. शाळा गावापासून दीडेक किलोमीटरवर, वस्तीवर. मुलगी लग्न होऊन पुण्याला. घरात आम्ही दोघंच. आमचे हे साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी वर्कशॉपमध्ये काढली, पण कुणी विचारलं तर ते स्वतःला सांधेवालाच म्हणवून घेत. फार पूर्वी त्या भागातल्या एका जुन्या कारखान्यानं ऊस वाहायला छोटे रूळ टाकले होते. लहानसं इंजिन, त्याच्यामागं उसाच्या वाघिणी, शेताशेतांतून फुटलेले फाटे. एका फाट्यावरून दुसऱ्यावर गाडी वळवायची तर लोखंडी दांडा ओढून रूळ सरकवायचे, म्हणजे सांधा बदलायचा. विशीत ह्यांना ते काम मिळालं. आमच्या समाजातल्या पोराच्या हातात गाडी अडवायचा आणि सोडायचा अधिकार आला, ह्याचं माझ्या सासऱ्यांना फार अप्रूप होतं. येईल त्या पाहुण्याला ते सांगायचे.

पुढं ट्रक आले, ट्रॅक्टर आले. रूळ उपटून भंगारात गेले. उरला तो मुरमाचा भराव. शेतांपेक्षा कंबरभर उंच, बैलगाडी जाईल एवढा रुंद. लोक त्याला रुळाची वाट म्हणत. त्या वाटेला चढ नाही, उतार नाही, वळण आलं तरी लांबलचक. दोन्ही बाजूंना ऊस. सायकल चालवायला तेवढी चांगली वाट तालुक्यात दुसरी नसेल.

निवृत्तीनंतर हे रोज सकाळी त्या वाटेनं सायकलीवर जायचे. वाट कालव्याला जिथं भिडते तिथपर्यंत जायचं, बांधावर बसून एक विडी ओढायची आणि नऊच्या आत घरी. मी डबा भरत असतानाच त्यांची घंटी वाजायची. मग गुडघे धरू लागले. एकदा दांडीवरून पाय टाकताना तोल गेला आणि दारातच आडवे झाले. दुसऱ्या दिवशी लंगडत सायकल घेऊन फाट्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले.

ते दुकान चालवणारा पस्तिशीचा माणूस पारधी समाजाचा होता. त्यानं ते दुकान कसं उभं केलं हे आम्ही पाहिलं होतं. सुरुवातीला लोक त्याच्याकडं सायकल ठेवून जायला कचरायचे. समोर उभं राहून पंक्चर काढून घ्यायचे आणि निघायचे. हे मात्र पहिल्या दिवसापासून सायकल त्याच्या ताब्यात टाकून खुशाल चहाला जात. तो ह्यांना आबा म्हणायचा आणि मला ताई.

"आबा, ही घोडी आता सोडा," तो म्हणाला. "तुमास्नी आरामाची सायकल करून देतो."

पंधरा दिवसांनी त्यानं ती करून आणली. बारामतीच्या भंगारातून आणलेली बायकांच्या सायकलीची चौकट, म्हणजे पाय उचलून टाकायची गरज नाही. हँडल उंच केलेलं, कंबर न वाकवता धरता येईल असं. रुंद सीट, खाली जाड स्प्रिंगा. टायर ना जाड, ना बारीक. ह्यांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"ही कसली रं? ना बाप्याची, ना बाईची."

"बसून तर बघा की."

हे बसले, दुकानासमोर एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "कोचावर बसल्यागत वाटतंय." घरी आल्यावर मला म्हणाले, "तू बी बसून बघ." मी हसले. माझ्या लहानपणी आमच्या वस्तीत सायकल म्हणजे पाहुण्याची. तिला हात लावायचीसुद्धा मुभा नव्हती, चालवायची कुठली.

दीड-दोन वर्षं बरी गेली. मग एका सकाळी हे चालत घरी आले. शर्ट घामानं चिंब.

"सायकल कुठंय?" मी विचारलं.

"कुठली सायकल?"

त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं, थट्टा करतायत. पण ती थट्टा नव्हती. शेजारच्या पोराबरोबर जाऊन मी सायकल आणली. कालव्याच्या बांधावर नीट स्टँडवर लावलेली होती.

त्यानंतर एकेक ऐकू येऊ लागलं. रुळाची वाट जिथं ट्रॅक्टरच्या रस्त्याला छेदते तिथं पूर्वी फाटक होतं. हे तिथं सायकल लावून रस्त्याच्या मधोमध उभे राहायचे आणि हात आडवा करून उसाचे ट्रॅक्टर अडवायचे. "थांबा. गाडी यायचीय." सुरुवातीला ट्रॅक्टरवाले हसले. कारखाना चालू झाल्यावर मात्र त्यांना दम कुठला. एकानं खाली उतरून ह्यांना दंडाला धरून बाजूला ढकललं. हे मला पाणी भरायला आलेल्या बायकांकडून कळलं. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "कुनी ढकललं न्हाय."

मुलगी आली, आम्ही ह्यांना बारामतीच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी पुण्याला पाठवलं. पुण्याच्या डॉक्टरांनी सगळं तपासून मला आत बोलावलं. मेंदूचा आजार आहे म्हणाले, वाढत जाणार, औषधानं फार फरक पडणार नाही. एकटं सोडू नका.

"आणि सायकल?" मी विचारलं.

"सायकल चालवतात?" ते खुर्चीत सरळ झाले. "ती आधी बंद करा."

बंद करा म्हणणं सोपं होतं. मी समजावून सांगितलं की हे मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे अंगणात हवा भरत बसलेले असायचे. मी कुलूप लावलं. ज्यानं आयुष्य वर्कशॉपमध्ये काढलं त्याला ते कुलूप किती पुरणार? करवतीच्या पात्यानं त्यांनी ते दहा मिनिटांत कापलं. पातं कुठं ठेवलंय हे त्यांना बरोबर आठवत होतं. चावी लपवली, पायडल काढून ठेवलं, काही चाललं नाही. शेवटी एक दिवस मागचं मडगार्ड चेपून आलं. ट्रॅक्टरची ट्रॉली घासून गेली होती. आणखी वीतभर अलीकडं असते तर, हे मला दिवसभर वर्गात दिसत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती; दुपारी हे झोपले असताना मी ती सायकल ढकलत शाळेकडं नेली. शाळेतल्या सामानाच्या खोलीची किल्ली माझ्याकडं असायची. मोडक्या बाकांच्या मागं ती ठेवायची असं मी ठरवलं होतं. वाटेत गल्लीतले एक गृहस्थ भेटले, कारखान्यातले निवृत्त टाइमकीपर, ह्यांचे जुने सोबती.

"बाई, सायकल कुणीकडं?"

"पंक्चर झालीय. काढून आणते," मी म्हणाले. तोंडात आलं ते बोलून गेले.

संध्याकाळी ह्यांनी अंगणात शोधलं, गोठ्यात शोधलं, शेजारी विचारलं. मी पीठ मळत होते. ते दारात येऊन उभे राहिले.

"सायकल न्हाय."

"चोरीला गेली," मी म्हणाले.

"कुनी नेली?"

"मला काय माहीत."

ते भिंतीला टेकून बसले. जेवले नाहीत. मला वाईट वाटलं, पण मनात असंही होतं की चार दिवसांत विसरतील. त्यांच्या विसरण्यावर मी हिशेब मांडला होता. दुसरा दिवसही तसाच गेला. मी शाळेतून आले तेव्हा हे ओट्यावर बसलेले होते. चहा घेतला, काही बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी शाळेत मधली सुट्टी झाली. आमच्या शाळेची झाडलोट करणारी बाई पाण्याचा हंडा भरून आली आणि म्हणाली, "बाई, तुमची सायकल सापडल बघा आता. त्या पंक्चरवाल्याला सकाळीच चौकीत नेलाय."

मला आधी काही समजेना. मग तिच्याकडून एकेक कळत गेलं. आदल्या दिवशी मी शाळेत असताना हे टाइमकीपरांना म्हणाले होते की सायकल चोरीला गेली. टाइमकीपर म्हणाले, चोरीला कशी जाईल, बाई तर ती पंक्चरला नेत होत्या. मग दोघं दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, माझ्याकडं कुणी आणलीच नाही. चार माणसं जमली. ह्यांनी सगळ्यांसमोर त्याचा हात धरून म्हटलं, "तूच केलीस, तूच नेलीस." टाइमकीपर चौकीत जाऊन सांगून आले. आणि संध्याकाळी मी घरी येईपर्यंत हे सगळं ह्यांच्या डोक्यातून पुसून गेलं होतं. म्हणून मला कुणी काही बोललंच नव्हतं.

एकाला मी पंक्चर म्हणाले होते, एकाला चोरी. त्या दोन खोट्यांच्या मधे तो माणूस सापडला.

मी वर्ग दुसऱ्या शिक्षिकेच्या हवाली केला आणि निघाले. चौकी दोन-अडीच किलोमीटर. वाटेत एसटी आली, तिला मी हातसुद्धा केला नाही. बसमध्ये कुणी ओळखीचं असेल आणि विचारेल ह्याची भीती. माझ्या लहानपणी गावात कुणाची कोंबडी हरवली तरी आधी आमच्या वस्तीत विचारायला येत. माझे वडील दाराशी उभे राहून नाही, नाही म्हणायचे आणि आम्ही पोरं आईच्या मागं. छप्पन साली वडिलांनी दीक्षा घेतली त्याला एक कारण ते विचारणंही होतं, असं ते म्हणत. ते सगळं मला चालताना आठवत होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नव्हतं.

चौकीत हवालदार टेबलापाशी बसलेले. तो भिंतीशी जमिनीवर. एक गाल सुजलेला. माझ्याकडं त्यानं एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. त्याला वाटलं असणार, मी तक्रार लिहून द्यायला आलेय.

हवालदार उठून उभे राहिले. "बाई, तुमी कशाला तरास घेतला? सांजपतोर कबूल करतोय का न्हाय बघा."

"सायकल चोरीला गेलेली नाही," मी म्हणाले. "शाळेत आहे. मीच लपवलीय."

"कशापायी?"

मी सांगितलं. ह्यांचा आजार, डॉक्टर, ट्रॅक्टर, सगळं. सांगताना माझा आवाज वर्गात येतो तसा स्पष्ट येत होता ह्याचं मलाच नवल वाटलं. हवालदारांनी ऐकून घेतलं आणि हसले. "मग आधी सांगायचं की हो! उगं माझी सकाळ गेली." मग त्याच्याकडं वळून म्हणाले, "ऊठ रं. जा."

कागदावर काही लिहिलेलंच नव्हतं, त्यामुळं खोडायचंही काही नव्हतं.

बाहेर त्याची बायको लिंबाच्या झाडाखाली बसली होती. तो पायात चपला घालत होता. मी जवळ गेले.

"माझं चुकलं," मी म्हणाले. "असं होईल हे माझ्या ध्यानात आलं नाही."

त्यानं दुसरी चप्पल नीट घातली. मग म्हणाला, "खोटंच बोलायचं हुतं तर ट्रॅक्टरखाली गेली म्हनायचं हुतं. हिरीत पडली म्हनायचं हुतं. चोरी म्हन्लं की आमचंच दार, ह्ये तुमाला ठावं न्हाय व्हय, बाई?"

ताई नव्हे. बाई. तेव्हापासून तो मला बाईच म्हणाला.

मी परस्पर टाइमकीपरांच्या घरी गेले आणि त्यांना, त्यांच्या बायकोला, ओट्यावर बसलेल्या दोघांना खरं काय ते सांगितलं. टाइमकीपर माझ्यावरच भडकले. त्यांना मी खोट्यात पाडलं होतं. चहाच्या टपरीवरही जाऊन सांगितलं. लोकांनी ऐकलं, माना हलवल्या. पण गावात फिरलं ते वेगळंच. चौकीत नेला आणि दुपारी सायकल सापडली, एवढंच लोकांनी धरलं. बाई भल्या आहेत, त्याला पाठीशी घालतायत, असंही म्हणाले. मी जितकं सांगावं तितकी माझी भलाई वाढत गेली. त्याच्या दुकानापुढं पुन्हा लोक उभं राहून पंक्चर काढून घेऊ लागले. संक्रांतीनंतर त्यानं दुकान बंद केलं आणि बारामतीला एमआयडीसीकडं गेला, तिथं कामगारांच्या मोटारसायकलींची पंक्चर निघतात म्हणून. जाताना ह्यांच्या सायकलीला नवी चेन बसवून गेला. मी घरी नव्हते.

त्या दिवशी, चौकीतून आल्यावर, सायकल मी ह्यांना परत केली. कुठं सापडली हे त्यांनी विचारलं नाही. सीटवरून हात फिरवला आणि हवा बघितली. आता अडवायचं नाही, लपवायचं नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. एकटं सोडायचं नसेल तर बरोबर जायचं. पायी त्यांना गाठणं शक्य नव्हतं. मुलीची कॉलेजातली सायकल माळ्यावर पडून होती, ती मी खाली काढली.

"मला शिकवा," मी म्हणाले.

आजारी माणसाकडून शिकायचं म्हणजे वेडेपणाच. पण त्यांनी मला जे शिकवलं तसं तीस वर्षांच्या नोकरीत मी कुणाला शिकवलं नसेल. रुळाच्या वाटेवर सकाळी सहाला आम्ही जायचो. साडीचा पदर चेनमध्ये गेला, निऱ्या फाटल्या, तेव्हा मी मुलीचा पंजाबी ड्रेस उसवून मोठा केला. गावानं तोंडाला पदर लावून हसून घेतलं. हे मागनं सीट धरून पळायचे, गुडघे दुखत असून.

"चाकाकडं बघू नगंस. लांब बघ. त्या लिंबाकडं बघ."

"पडेन की."

"पड. मुरूम हाय, दगड न्हाय."

मी पडले, कोपरं सोलली, पुन्हा चढले. बाराव्या-तेराव्या दिवशी त्यांनी कधी हात सोडला मला कळलंच नाही. मागं वळून पाहिलं तर ते लांब उभे होते, कमरेवर हात ठेवून. आणि मी तशीच उसात गेले.

मग सहा-सात महिने आम्ही रोज सकाळी बरोबर गेलो. ते पुढं, मी मागं. थंडीत उसाला तुरे आलेले असायचे, कालव्याकडून गार वारं यायचं. सुखाचे दिवस म्हणावेत तर माझं सगळं लक्ष त्यांच्या पाठीवर. ते कुठं थांबतील, कुठल्या फाट्यावर वळतील, सांगता येत नसे. जिथं जिथं पूर्वी सांधा होता तिथं ते उतरायचे, वाकायचे आणि नसलेला दांडा ओढायचे. पुरा जोर लावून. फाटकाच्या जागी हात आडवा करायचे. मी पुढं जाऊन ट्रॅक्टरवाल्याला हात जोडायची, दोन मिनिटं थांबा. मग ह्यांना म्हणायची, "गेली गाडी." ते हात खाली घ्यायचे. हेही खोटंच होतं. खोटं बोलायचं नाही असं ठरवल्यानंतर मी रोज सकाळी एक खोटं बोलत होते, आणि ते बोलताना मला काही वाटत नसे. एखादा ट्रॅक्टरवाला मात्र शिव्या द्यायचा, त्या मी ऐकून घ्यायची. ह्यांच्या कानावर त्या जात असतील की नाही कोण जाणे.

एकदा मात्र ते फाटकापाशी माझ्याकडं रोखून बघत म्हणाले, "तुमी कोन? लाइनीवर बायामानसांनी यायचं न्हाय."

"मी तुमची बायको."

त्यांनी आडवा हात खाली घेतला. मग म्हणाले, "बरं, या."

त्या उन्हाळ्यात बारामतीकडं रस्त्यांची कामं निघाली होती. भरावाला मुरूम लागत होता आणि रुळाच्या वाटेइतका तयार मुरूम कुठं मिळणार? कडेकडेनं वाट खणली जाऊ लागली. एका शनिवारी माझी शाळा सकाळची होती म्हणून आम्ही लवकर निघालो. वाटेखालून पाणी जायच्या मोरीच्या अलीकडं माझ्या सायकलीची चेन उतरली. मी हाक मारली, "थांबा हो!" ते थांबले नाहीत. ऐकू आलं नसेल किंवा ऐकून विसरले असतील. चेन बसवायला मला दोन-तीन मिनिटं लागली. हात काळे झाले, तसेच हँडलला धरून मी निघाले.

मोरीपाशी वाटच नव्हती. आदल्या दिवशी तिथून मुरूम उचलून नेला होता. पुरुषभर खोल खड्डा आणि त्याच्या तळाशी हे. सायकल त्यांच्या पायांवर. सीटची स्प्रिंग वर आलेली.

मी खाली कशी उतरले आठवत नाही. त्यांचा उजवा पाय वेडावाकडा पडलेला. शुद्धीवर होते. माझा हात त्यांनी घट्ट धरला.

"सांधा बदलायचा राह्यला," ते म्हणाले. "माझ्या हातनं गाडी पडली."

"काही पडली नाही. तुम्ही पडलात."

"किती मानसांस्नी लागलं?"

उसाला पाणी धरणारे दोघं धावत आले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पाचट टाकून आम्ही ह्यांना रस्त्यापर्यंत आणलं, तिथून जीप करून बारामतीला. ज्या ट्रॅक्टरवर घातलं तो रोज शिव्या देणाऱ्याचाच होता. त्यानं वाटभर ह्यांचं डोकं मांडीवर धरलं, त्याचा भाऊ ट्रॅक्टर चालवत होता.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण त्यानंतर हे उभे राहिले नाहीत. मी उरलेली रजा काढली, मग बिनपगारी घेतली. मुलगी येऊन राहिली. एका दुपारी ह्यांना पुसून झाल्यावर ती बादली उचलता उचलता म्हणाली, "आई, डॉक्टरांनी बंद करा म्हणून सांगितलं होतं."

"होय."

"कुलूप लावून ठेवली असतीस तर आज चालते असते."

मी ह्यांच्या अंगावरची चादर सारखी केली. चालते असते, हे खरं होतं. तिनं ते पुन्हा कधी काढलं नाही, आणि मागंही घेतलं नाही. आम्ही दोघी त्या वाक्याला वळसा घालून वागायला शिकलो.

हे पडल्या पडल्या विचारायचे, "किती मानसांस्नी लागलं?" दिवसातून दहा वेळा. मी सांगायची, "कुणाला लागलं नाही." मग ते डोळे मिटायचे. थोड्या वेळानं पुन्हा. कधी रडायचे, की माझ्यापायी लेकरं उघडी पडली. सांध्यावर होते तेवढ्या वर्षांत त्यांच्या हातून कधी एक वाघीणही घसरली नव्हती, हे मी त्यांच्या जुन्या सोबत्यांना विचारून घेतलं. टाइमकीपर येऊन बसायचे आणि शपथेवर सांगायचे, "अरं, तुझी गाडी कधीच पडली न्हाय." हे त्यांचं तोंड बघायचे. त्यांना ते पटायचं नाही. एवढ्या खात्रीनं सांगणारा माणूस आपली चूक झाकतोय असंच त्यांना वाटायचं.

शेवटी शेवटी त्यांनी विचारणं सोडलं. दोन दिवस मला हायसं वाटलं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, आता ते काहीच विचारत नाहीत. पाणीसुद्धा मागत नाहीत. पडल्यापासून दीड वर्षानं, हिवाळ्यात, सकाळी चहा भरवताना ते गेले. माझ्या हातात बशी होती.

तोपर्यंत मी निवृत्त झाले होते. पुढं कितीतरी महिने माझी सायकल अंगणात होती तशी पडून राहिली. एका सकाळी घरात बसवेना, म्हणून बाहेर काढली. रुळाची वाट आता मोरीपर्यंतच आहे. तिच्यापुढं शेतकऱ्यानं खड्डा बुजवून ऊस लावलाय आणि कडेनं काट्याची तार ओढलीय. मी तारेपर्यंत जाते. तिथं वळायला जागा अपुरी पडते, म्हणून उतरावं लागतं. सायकल हातानं उलटी फिरवते आणि परत येते.